चिठ्ठीत न आलेलं नाव

जळगावात नव्या पेठेत, सायकलच्या दुकानावरच्या मजल्यावर चुडामणनं ‘मुक्तद्वार संगणक सेवा’ असा बोर्ड लावला, तेव्हा पहिल्याच आठवड्यात चार माणसं जिना चढून आली आणि जेवणाची पंगत किती वाजता बसते ते विचारून गेली. चुडामणला राग आला नाही. उलट त्यानं चौघांनाही चहा पाजला आणि कॉम्प्युटर दाखवला. त्याचा भागीदार वना याला मात्र त्याच दिवशी कळून चुकलं, की बोर्डाच्या नावापासूनच आपल्या धंद्याचं गणित चुकलेलं आहे.

चुडामण मूळचा रावेरकडचा. घरची केळीची बाग, थोरला भाऊ ती सांभाळायचा. हा शिकून पुण्यात गेला, सहा वर्षं नोकरी केली आणि शहाण्णव साली बायको पुष्पलताला घेऊन परत आला. येताना पुण्याहून त्यानं दोन गोष्टी आणल्या. एक म्हणजे मासिकासोबत मिळालेली लिनक्सची सीडी, आणि दुसरं त्या सीडीबरोबर डोक्यात शिरलेलं खूळ. खूळ असं, की गिऱ्हाइकाला प्रोग्राम करून द्यायचा तर त्याचा सोर्सही द्यायचा. सोर्स म्हणजे माणसाला वाचता येईल अशा रूपातला तोच प्रोग्राम. ज्याला वाटेल त्यानं तो उघडावा, वाचावा, बदलावा, दुसऱ्याला द्यावा. पैसे घ्यायचे ते आपल्या मेहनतीचे. कुलपाचे नाही.

“शिंपी सदऱ्याबरोबर बेतायचा कागदी नमुना देतो का कधी?” वना विचारायचा. वना भुसावळच्या रेल्वे कॉलनीत वाढलेला, हाताचा कसबी. बंद पडलेला प्रिंटर त्यानं नुसता उघडला तरी तो अर्धा दुरुस्त व्हायचा. पण त्याच्या जिभेला विश्रांती नव्हती. स्टेशन रोडवरच्या एका दुकानदारानं ह्यांचाच डाळ मिलचा प्रोग्राम फक्त वरचं नाव बदलून दोन ठिकाणी विकला, तेव्हापासून वनाला आयताच मुद्दा मिळाला. त्याचं म्हणणं, चोर सोर्स उघडतो तो नाव बदलायला. वाचायला कोणी उघडत नाही. “दोन वर्षं झाली भाऊ. एक माणूस दाखव, ज्यानं आपली फाइल उघडून खरंच वाचली. एक दाखव, मग मी गप्प बसतो.”

चुडामणकडे असा माणूस नव्हता. सोर्सच्या फ्लॉप्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या कपाटात धूळ खात होत्या, हे त्यालाही माहीत होतं. दुखायचं त्याला. उगाच प्रिंटरचं झाकण उघडून आत बघत बसायचा.

अशातच एक दिवस ज्ञानचंदजी जिना चढून आले. डाळ मिलचे मालक, त्यांच्या समाजाच्या मंडळाचे चिटणीस. मंडळाचं वधू-वर संमेलन भरणार होतं आणि तीन-चारशे मुलामुलींच्या माहितीची पाखडणी करता करता कार्यकर्ते मेटाकुटीला यायचे. कुणाचं कुणाशी जमू शकतं हे मशीननं काढून दिलं तर बरं, असं त्यांना वाटत होतं. अडचण होती गोत्रांची. त्यांच्यात स्वतःचं गोत्र टाळतात, आईचं टाळतात, वडिलांच्या आईचं टाळतात आणि आईच्या आईचंही टाळतात. चार गोत्रं चाळून मग पुढची बोलणी. ज्ञानचंदजींच्या मातोश्री प्रेमकुंवरबाई हे सगळं तोंडपाठ सांगायच्या, पण त्यांचं वय झालं होतं आणि संमेलनात माईकपाशी चार तास बसणं त्यांना होईना.

चुडामण तीन महिने त्या कामात बुडाला. प्रेमकुंवरबाई स्वतः रिक्षानं यायच्या, सायकलवाल्याच्या पोरांच्या आधारानं जिना चढायच्या आणि खुर्चीत बसून मशीनची तोंडी परीक्षा घ्यायच्या. मुद्दाम फसवी नावं सांगायच्या. एका मुलीच्या आजीचं गोत्र मशीननं बरोबर पकडलं, तेव्हा त्यांनी चुडामणच्या पाठीवर हात ठेवला आणि घरून आणलेली खाकऱ्यांची चवड त्याच्या पुढ्यात ठेवली. संमेलन झकास पार पडलं. चुडामणनं रिवाजाप्रमाणे सोर्सची फ्लॉपी दिली, तेव्हा ज्ञानचंदजींनी ती उलटीपालटी करून पाहिली आणि ह्याचं मी काय करू म्हणून विचारलं. दुसरा समाज मागायला आला तर त्यांना हा प्रोग्राम देऊ का, असं चुडामणनं विचारल्यावर ते म्हणाले, आमच्या मुलामुलींची नावं सोडून काय द्यायचं ते द्या, लग्नं जुळण्यात आमची काय स्पर्धा?

आणि मागायला आले ते चुडामणच्याच समाजाचे जीवराम सर. धुळ्याला देवपुरात राहणारे, हायस्कूलचे गणिताचे मास्तर. त्यांचा समाज जळगाव-धुळे दोन्ही जिल्ह्यांत पसरलेला, आणि सरांना कॉम्प्युटरचं भारी वेड. शाळेला कॉम्प्युटर मिळावा म्हणून त्यांनी इतके अर्ज केले होते, की जिल्हा परिषदेतले शिपाई त्यांना येताना पाहून दार ओढून घ्यायचे. ज्ञानचंदजींच्या संमेलनाची बातमी वाचून ते एसटीनं तडक जळगावला आले. आपल्या मंडळालाही असंच हवं, म्हणाले.

चुडामणला कोण आनंद झाला. इतक्या दिवसांनी त्याच्या खुळाचा खरा उपयोग होत होता. एकदा केलेलं काम दुसऱ्याच्या उपयोगी पडणार, नव्यानं मेहनत नाही, म्हणून मोबदलाही नाही. त्यानं एका दुपारीत काम उरकलं. पडद्यावर जिथं जिथं ‘गोत्र’ होतं तिथं तिथं ‘कूळ’ केलं, मंडळाचं नाव बदललं, आणि झालं.

इथंच घोड्यानं पेंड खाल्ली. चुडामणच्या समाजात टाळतात ते फक्त स्वतःचं कूळ. आईच्या कुळाचं तर उलट आहे. मुलगी द्यायची वा करायची झाली की पहिलं दार ठोठावतात ते मामाकडच्या भावकीचं. तिथं नाही जमलं तर मग बाहेर बघायचं. चुडामणची स्वतःची बायको पुष्पलता ही त्याच्या आईच्या कुळातली, मामाच्या चुलतभावाची मुलगी. पण तीन महिने प्रेमकुंवरबाईंची चार गोत्रं घोकून घोकून ती चाळणी त्याच्या डोक्यात इतकी पक्की बसली होती, की ती दुसऱ्या समाजाची आहे हेच तो विसरून गेला. त्यानं नावं बदलली आणि नियम तसेच ठेवले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आणि चूक दिसायलाही काही मार्ग नव्हता. मशीन प्रत्येकासाठी जुळणाऱ्या नावांची एक चिठ्ठी छापायचं. चिठ्ठीत जी नावं येतात ती दिसतात. जी येत नाहीत त्यांची दखल कोण घेतो?

फेब्रुवारीत धुळ्याला मंगल कार्यालयात मेळावा भरला. वनानं मंडळाच्या खोलीतून कॉम्प्युटर आणि प्रिंटर रिक्षात बसवून नेले, स्वतः टपावर बसल्यासारखा बाहेर लटकत गेला. ह्या मेळाव्यात चिठ्ठीला जे महत्त्व आलं ते चुडामणनं स्वप्नातही पाहिलं नव्हतं. चिठ्ठी छापायची इंग्रजी अक्षरांत, कारण मराठी अक्षरं काढणं त्या प्रिंटरला जमत नव्हतं. त्यामुळे बहुतेकांना ती वाचता येईना. मग जीवराम सर माईकवर उभे राहून प्रत्येक चिठ्ठी मोठ्यानं वाचायचे, आणि सरांचा तो वर्गातला आवाज ऐकून लोकांना वाटायचं की निकालच लागतोय. कोण नापास झालं हेही लोक मनात धरत होते. चिठ्ठीत नाव नाही म्हणजे मशीननं नाही म्हटलं, आणि मशीन काही नातंगोतं बघून वशिला लावत नाही.

सरांच्या स्वतःच्या मुलीचीही चिठ्ठी निघाली. रत्नप्रभा तिचं नाव, देवपूरच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. तिचं जवळजवळ ठरल्यातच जमा होतं. तिची आई इंदिराबाई हिच्या भावकीतला हेमराज, वरणगावच्या फॅक्टरीत कायम नोकरीला. इंदिराबाईंचे भाऊ तोताराममामा ह्यांनीच ते सुचवलं होतं आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुपारी फोडायची असं दोन्हीकडून बोलणं झालं होतं. पण चिठ्ठीत सात नावं आली आणि हेमराजचं नाव त्यात नव्हतं. माईकवर सरांचा आवाज थोडा अडखळला. मग त्यांनी चिठ्ठी घडी करून ठेवली आणि पुढची घेतली. संध्याकाळी तोताराममामांना त्यांनी बाजूला घेऊन सांगितलं, की आपण सगळ्या समाजाला मशीनचं ऐकायला लावतो आहोत, तिथं घरच्याच पोरीसाठी वेगळं कसं करायचं? मशीन नाही म्हणतं. मामा रागावून जेवण न करता भुसावळच्या गाडीला गेले.

चुडामणनं हे सगळं प्रिंटरमागून ऐकलं. पण कागद अडकला होता, वना ओरडत होता, आणि त्याला त्यात काही खटकलं नाही.

खटकलं ते एप्रिलमध्ये, आणि तेही दुसऱ्याला. दुपारची वेळ, ऊन असं की खालचा सायकलवालाही दुकान अर्धं ओढून आत पडला होता. रत्नप्रभा एकटीच धुळ्याहून एसटीनं आली. ओढणी डोक्यावरून घट्ट गुंडाळलेली, चेहरा लाल झालेला. तिनं आधी तांब्याभर पाणी प्यायलं. मग पिशवीतून फ्लॉपी काढली आणि टेबलावर ठेवली.

तिनं सांगितलं ते असं. मंडळाच्या खोलीत चुडामणनं जे मशीन बसवून दिलं होतं, त्याची किल्ली सरांकडे असायची. परीक्षेच्या आधी कॉलेजच्या लॅबमध्ये नंबर लागेना, म्हणून ती मंडळाच्या मशीनवर सराव करायला बसायची. बसल्या बसल्या तिनं कपाटातली सोर्सची फ्लॉपी काढली. आबा, म्हणजे तिचे वडील, सगळ्यांना मशीन असं म्हणतं, मशीन तसं म्हणतं असं सांगत असतात, तर ते नक्की काय म्हणतं ते बघावं, असं तिला वाटलं. सुरुवातीला निम्मं कळलं नाही. मग हळूहळू कळत गेलं.

“इथं चार वेळा तुलना केलीय,” ती पडद्यावर बोट ठेवून म्हणाली. “पहिली बरोबर आहे, आपल्या कुळाची. पुढच्या तीन कुणाच्या आहेत भाऊ? आपल्यात तर अशी पद्धत नाही.”

त्या ओळींच्या वरच चुडामणनं त्या वेळी स्वतःच्या माहितीसाठी लिहून ठेवलं होतं, की हा नियम ज्ञानचंदजींनी सांगितल्याप्रमाणे. ज्ञानचंदजी कोण, तेही तिनं विचारलं.

चुडामण पडद्याकडे बघत राहिला.  वनानं मात्र वेळ न दवडता कीबोर्ड ओढला, नवऱ्याच्या जागी चुडामणची माहिती भरली, नवरीच्या जागी पुष्पलतावहिनींची, आणि मशीनला विचारलं. मशीननं साफ नकार दिला. वना खुर्चीवरून खाली पडायचा तेवढा राहिला. संध्याकाळी चुडामणनं हे घरी सांगितलं तेव्हा पुष्पलतानं तव्यावरची भाकरी उलटवत एवढंच विचारलं, की मग इतकी वर्षं मी नेमकी कुणाच्या घरी राबते आहे?

पण ते नंतरचं. त्या दुपारी हसून झाल्यावर चुडामणच्या मनात लाज आणि आनंद एकदमच दाटून आले, आणि आनंद थोडा वरचढ ठरला. इतक्या वर्षांनी एका माणसानं फाइल उघडली होती. वाचली होती. चूक काढली होती. नुसती काढली नव्हती, दुरुस्तही करून आणली होती, कारण रत्नप्रभानं फ्लॉपीवर बदललेली प्रत ठेवली होती आणि ती बरोबर चालत होती. त्यानं वनाकडे पाहिलं. वनानं दोन्ही हात वर केले आणि चहा सांगायला खिडकीतून खाली वाकला.

चहा येईपर्यंत चुडामणनं ठरवूनही टाकलं. आखाजीच्या आधीच्या रविवारी धुळ्याला दुसरा मेळावा होता, सगळ्यांच्या चिठ्ठ्या नव्यानं निघणार होत्या. त्यात ही दुरुस्ती घालायची आणि लोकांसमोर चूक कबूल करायची. तुझं नावही सांगतो, तो म्हणाला.

 कपातला चहा रत्नप्रभानं बशीत ओतला आणि तसाच राहू दिला.

मग वना, ज्याला कधीच काही लपवता येत नाही, तोच म्हणाला, “थांब भाऊ. ही ओळ काढली की हिच्या चिठ्ठीत ते वरणगाववाले येतात ना?”

येत होते. तिनं मंडळाच्या मशीनवर करून पाहिलं होतं. हेमराजचं नाव सर्वांत वर.

मग तिनं जे सांगितलं ते अगदी सावकाश, एखादी रीत समजावून सांगावी तसं सांगितलं. हेमराज वाईट नाही. निर्व्यसनी आहे, नोकरी चांगली आहे, मामांचा शब्द आहे. पण तिला तो नको होता. कारण विचारलंत तर सांगता येणार नाही, म्हणाली, नुसता नको आहे. आणि घरात हे बोलायला जागाच नव्हती, कारण तिला कुणी विचारलंच नव्हतं. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर कसं द्यायचं? त्यात मशीननं तिच्या वतीनं नाही म्हणून टाकलं. त्या रात्री मेळाव्याहून घरी आल्यावर ती कित्येक महिन्यांनी गाढ झोपली होती.

“मग काढलीस कशाला चूक?” चुडामणनं विचारलं.

तिच्या चुलतबहिणीमुळे. मंदाकिनीचं शिरपूरच्या एका मास्तराशी जवळजवळ जमलं होतं, दोघं एकमेकांना पसंत होती, आणि तो तिच्या आईच्या कुळातला होता. चिठ्ठीत तो आला नाही आणि तिच्या वडिलांनी बोलणी मोडली. मंदाकिनी हल्ली जेवायला बसली की ताटाकडे बघत राहते. अशा आणखी किती जणी असतील ते कुणाला ठाऊक, कारण न आलेली नावं कुठं लिहिलेली नसतात. रत्नप्रभा आधी एक महिना गप्प बसली होती. मग तिला ते जमेना.

 चुडामणला वाटलं, ह्या पोरीचं आपण काय करून ठेवलंय. आधी चुकून सोडवलं आणि आता बरोबर करून अडकवतो आहोत. त्याला खरोखर वाईट वाटलं.

तोडगा वनानं काढला. अगदी साधा. दुरुस्ती करायची, सगळ्यांसाठी नियम सरळ करायचा, आणि खाली एकच ओळ वाढवायची, की ह्या क्रमांकाच्या मुलीच्या चिठ्ठीत त्या क्रमांकाचा मुलगा घेऊ नये. मंदाकिनीचं जमेल, हिचंही सुटेल, साप मरेल आणि काठीही मोडणार नाही. दोन मिनिटांचं काम. चुडामणनं नाही म्हणायला तोंड उघडलं आणि परत मिटलं. त्या क्षणी त्याला ती ओळ घालावीशी वाटली, हे लपवण्यात अर्थ नाही. त्यानं मुलीकडे पाहिलं. ती म्हणेल तसं करायचं, एवढं त्यानं मनाशी ठरवलं.

रत्नप्रभानं पडद्यावरच्या त्या ओळी पुन्हा एकदा वाचल्या.

“ती ओळही फ्लॉपीत जाईल ना?” तिनं विचारलं.

“जाईल. आपण सगळंच देतो,” चुडामण म्हणाला.

“मग ती वाचता येईल.”

“अगं, कोण वाचतंय?” वनाच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

“मी वाचलं ना,” ती म्हणाली.

वनानं कीबोर्ड बाजूला सारला.  रत्नप्रभानं बशीतला गार झालेला चहा पिऊन टाकला, ओढणी पुन्हा गुंडाळली आणि चारची पारोळा-धुळे गाडी गाठायला ती निघाली. जिन्याच्या तोंडाशी थांबून तिनं आणखी एक सांगितलं, की रविवारपर्यंत आबांना काही कळवू नका. कळवायचं ते मीच बघते.

तो आठवडा चुडामणनं कसाबसा काढला. एकदा त्याच्या मनात आलं, की सरांना आधीच गाठावं आणि मुलीचं मन सांगून टाकावं. पुष्पलतानं त्याला अडवलं. मुलीनं नको म्हटलंय ना, मग तुमचं मध्ये काय, म्हणाली. तुम्ही तुमची चूक सांगा, तिचं ती सांगेल. चुडामणला ते पटलं, पण घास गोड लागेना.

रविवारी मंगल कार्यालय आधीपेक्षाही भरलेलं होतं. आखाजीला माहेरी आलेल्या लेकी आपापल्या भावंडांची लग्नं जुळताना बघायला आल्या होत्या. अंगणातल्या निंबाला आधीच झोका बांधून झाला होता आणि पोरी पाळी लावून बसत होत्या. चुडामण माईकपाशी गेला. भाषण त्याला कधीच जमलं नव्हतं. त्यानं सरळ सांगितलं, की मागच्या चिठ्ठ्यांत आईचं कूळ टाळलं गेलं, ती चूक माझी, मी दुसऱ्यांचा नियम न तपासता आपल्याला लावला. लोकांत कुजबुज झाली. एक म्हातारे उठून म्हणाले, आपल्याच जातीत वाढून तुले एवढं बी मालूम नही का रे? चुडामणनं मान खाली घातली. हे ऐकून घ्यायचंच होतं. मग त्यानं सांगितलं, की ही चूक जीवराम सरांच्या रत्नप्रभानं प्रोग्राम वाचून शोधून काढली आणि तिनंच दुरुस्त केली, त्यात माझा हात नाही.

सरांची छाती फुगली. त्यांना ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. पोरीकडे त्यांनी असं पाहिलं, की बोर्डात पहिली आल्यावरही कुणी बाप बघणार नाही. मग ते माईकवर उभे राहिले आणि चिठ्ठ्या वाचू लागले. मंदाकिनीच्या चिठ्ठीत शिरपूरचा मास्तर आला. तिचे वडील मुकाट्यानं उठले आणि बाहेर फोन शोधायला गेले. मंदाकिनी आईच्या पदराआड तोंड लपवून बसली आणि तिचे खांदे हलत होते.

थोड्या वेळानं रत्नप्रभाची चिठ्ठी आली. सरांनी नेहमीच्या आवाजात वाचायला सुरुवात केली आणि पहिल्याच नावावर थांबले. हेमराज. पुढच्या रांगेत बसलेले तोताराममामा उभेच राहिले. फेब्रुवारीतला राग त्यांच्या तोंडावरून उतरला आणि त्यांनी तिथूनच एका भाच्याला पेढे आणायला सांगितलं. लोक हसले. इंदिराबाईंनी डोळे पुसले. सरही सुटल्यासारखे हसत होते. मेहुण्याशी पडलेलं अंतर दोन महिने त्यांना आतून खात होतं.

चुडामणचं लक्ष फक्त त्या मुलीकडे होतं. ती बायकांच्या रांगेतून उठली, सरळ माईकपर्यंत चालत आली आणि वडिलांच्या बाजूला उभी राहिली. माईक चालूच होता. तिनं तो बंद केला.

“आबा, मला हे नाव येणार हे माहीत होतं,” ती म्हणाली. प्रिंटरमागे बसलेल्या चुडामणला तिचा शब्द न् शब्द ऐकू येत होता.

सरांना आधी उलगडा झाला नाही. मग हळूहळू झाला. गणिताचे मास्तर होते, एका ओळीनंतर दुसरी ओळ मांडत ते पोचले. चूक हिनं काढली. चूक काढली की हे नाव येणार. हे हिला ठाऊक होतं. आणि फेब्रुवारीत, मशीन नाही म्हणालं म्हणून आपण घरी आल्यावर उदास बसलो होतो, तेव्हा ही पोरगी स्वयंपाकघरात गुणगुणत होती.

“तुला हा नको होता?” त्यांनी विचारलं. “मग ती चूक राहू द्यायची होतीस.”

“मशीन माझ्यासाठी नाही म्हणत होतं, म्हणून बरं वाटत होतं आबा. पण ते खोटं होतं. आता मला माझं खरं सांगायचंय, आणि तुम्ही विचारल्याशिवाय मला सांगता येत नाही.”

सरांनी हातातली चिठ्ठी खाली केली. सभागृहातल्या लोकांना वाटलं, बाप-लेकीत काही आनंदाचं बोलणं चाललंय. भाचा पेढ्यांची पेटी घेऊन दारातून येत होता. वना प्रिंटर बंद करून चुडामणच्या शेजारी येऊन उभा राहिला होता. सरांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, पुन्हा घातला. मग शाळेतली भाषा टाकून ते घरच्या भाषेत आले, ज्या भाषेत त्यांनी ह्या पोरीला चालायला शिकवलं होतं.

“मंग सांग माय,” ते म्हणाले. “तुनी मरजी काय शे?”

“माले नको, आबा.”

 पुढच्या रांगेतून तोताराममामा हात वर करून बोलावत होते, लोक टाळ्या वाजवायच्या तयारीत होते. चुडामणला एकदा वाटलं, आता हे रागावतील. पण सरांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, तिला शेजारच्या खुर्चीत बसवलं आणि माईक पुन्हा चालू केला. त्यांचा आवाज ह्या वेळी वर्गातला नव्हता.

“तोताराम,” ते सगळ्यांसमोर म्हणाले, “पोरगी नाही म्हणते.”